सेंच्याचं पाणी

अणदूरच्या राजशेखरला चहाचा नाद होता आणि त्याचा त्याला अभिमानही होता. एसटीत बत्तीस वर्षं काढली. आधी कंडक्टर म्हणून, शेवटी वाहतूक नियंत्रक म्हणून. उमरग्यापासून तुळजापुरापर्यंत कुठल्या स्टँडवर कुणाच्या हातचा चहा प्यावा आणि कुणाच्या गाड्यासमोरून मान खाली घालून निघून जावं, हे त्याला तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर त्यानं घरातच दिवसातून सहा वेळा चहा लावला. दूध घट्ट, आलं ठेचलेलं, साखर सढळ हातानं. तो चहा शिवकांता करायची, सगळ्यांना कपबशा नेऊन द्यायची आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायची.

ती चहा पीत नाही हे राजशेखरला चौतीस वर्षांपासून माहीत होतं. का पीत नाही, हे विचारावं असं मात्र त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा वीरभद्र जपानात हामामात्सूला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. तो दोन वर्षांनी दिवाळीला घरी आला, तेव्हा वडिलांसाठी म्हणून तिकडचा हिरवा चहा घेऊन आला. हिरवट काळ्या, सुईसारख्या वळलेल्या पानांचा एक डबा आणि लाल मातीची एक बुटकी किटली. किटलीची मूठ मागं नव्हती, पळीच्या दांड्यासारखी बाजूला निघालेली होती. सोबत कान नसलेले तीन छोटे कप.

"अप्पा, ह्याला सेंचा म्हणतात," वीरभद्र म्हणाला. "दूध न्हाय, साखर न्हाय. नुस्तं पान आन् पाणी."

त्यानं सोलापूरहून येताना घेतलेल्या बाटलीतलं पाणी उकळलं, जरा निववलं, किटलीत पानांवर ओतलं आणि मिनिटाभरानं कपात उतरवलं. कोवळ्या मुगाच्या शेंगेसारखा रंग आला होता. राजशेखरनं एक घोट घेतला, तोंडात फिरवला आणि कप खाली ठेवला.

"घास धुतलेलं पाणी हाय हे," तो म्हणाला. "शिवकांता, आपला चहा टाक."

वीरभद्र हसला. शिवकांता कप उचलायला आली. ओट्याकडं जाता जाता तिनं नवऱ्याच्या कपात उरलेला चहा नाकाशी नेला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पिऊन टाकला. मग चहाचं दूध गॅसवर चढवून ती ओट्यापाशी तशीच उभी राहिली. दूध उतू जायला लागलं तरी तिचं लक्ष नव्हतं. वीरभद्रनं धावत जाऊन गॅस बंद केला.

"आई, काय झालं?"

"आनखी हाय का रे ह्यातलं?" तिनं विचारलं.

त्या दिवशी राजशेखरला चौतीस वर्षांनी कळलं, की आपल्या बायकोला लहानपणापासून तापलेल्या दुधाचा वास सोसत नाही. माहेरी दुभत्या म्हशी होत्या, घरभर तो वास असायचा. बिनदुधाचा चहा एकदा तिनं करून पाहिला होता, पण आपली पूड उकळून नुसती कडू झाली, म्हणून तो नादही सोडला. सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. राजशेखरला तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं, पण पुढं फराळाच्या गडबडीत तो ते विसरला.

सुट्टीच्या उरलेल्या पाच दिवसांत वीरभद्रनं आईला सगळं शिकवलं. उकळतं पाणी पानावर ओतायचं नाही, पान भाजतं आणि कडू होतं. आधी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात घ्यायचं, दर वेळी ते थोडं निवतं. वाफ सरळ वर जात असली तर पाणी अजून कडक आहे, ती भांड्याच्या काठावरून लोळायला लागली की झालं. मग पानांवर ओतून सत्तर सेकंद हात लावायचा नाही. कपात उतरवताना एक कप पूर्ण भरून दुसऱ्याकडं जायचं नाही. थोडं ह्यात, थोडं त्यात, परत उलट्या दिशेनं, म्हणजे सगळ्यांना सारखी चव मिळते. आणि शेवटचा थेंब उतरेपर्यंत किटली खाली ठेवायची नाही, सगळा जीव त्या थेंबात असतो.

शिवकांतानं सेकंद मोजायला घड्याळ घेतलं नाही. रोज सकाळी लिंगपूजेला बसल्यावर ती ज्या लयीत मंत्र म्हणायची, त्याच लयीत मनातल्या मनात एकवीस वेळा 'ओम् नमः शिवाय' म्हटलं की बरोबर सत्तर सेकंद होतात, हे तिनं मुलाच्या मोबाइलसमोर बसून ताडून पाहिलं. वीरभद्रनं तीनदा मोजलं. एकदा एकोणसत्तर आले, दोनदा सत्तर.

मुलगा परत गेला. शिवकांता दिवसाआड दुपारी चार वाजता ओसरीत बसून स्वतःपुरता सेंचा करायची. आयुष्यात पहिल्यांदा ती फक्त स्वतःसाठी काही करत होती. राजशेखर शेजारी पेपर वाचत असायचा. तिनं एक-दोनदा कप पुढं केला, त्यानं हातानंच नको म्हटलं.

"पर पहिल्या दिवशीची चव येईना," ती एकदा म्हणाली. "वीरभद्रानं केला तवा कसा गोड लागला हुता. आता पिवळट दिसतोय आन् चवीला मुका झालाय. पाण्याचा फरक हाय. आपल्या बोरचं पाणी जड हाय."

"पाणी काय, सगळं पाणीच," राजशेखर म्हणाला आणि पान उलटलं.

मग डिसेंबरात एक दिवस ती लोहाऱ्याला चुलतबहिणीकडं गेली असताना राजशेखरचे एसटीतले तीन जुने मित्र घरी आले. गप्पा रंगल्या. मुलाचा विषय निघाला, जपानचा निघाला, आणि राजशेखरला फुशारकी मारायची लहर आली. "थांबा, तुम्हाला जपानचा चहा पाजतो," तो म्हणाला. बायको तो चुकीचाच करते, असं त्याला मनातून वाटतच होतं. दूध-साखरेशिवाय चहाला चव कुठून येणार? त्यानं पातेल्यात दूध-पाणी चढवलं, आलं ठेचलं, दोन वेलदोडे टाकले आणि डब्यातली पानं मूठ भरून घातली. रंग येईना म्हणून आणखी एक मूठ घातली. चांगला दहा मिनिटं उकळला.

मित्रांनी एकेक घोट घेतला. एकाचं तोंड वाकडं झालं. दुसरा म्हणाला, "राजशेखर, राग मानू नको, पर आपला साधा चहा टाक." पातेलंभर चहा मोरीत ओतला गेला.

संध्याकाळी शिवकांता परत आली. मोरीच्या जाळीत तिला फुगलेली हिरवी पानं दिसली. तिनं एक पान उचललं, बोटांत उलगडून बघितलं. मग डबा उघडून आत पाहिलं.

"दोस्त लोक आले हुते," राजशेखर म्हणाला. "म्हटलं, पाजावा."

"कसा झाला हुता?"

"कडू."

"व्हय. हुणारच," ती म्हणाली. तिनं जाळी धुतली, पातेलं घासलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर राजशेखरला ते पेललं असतं. त्याला आयुष्यभर प्रवाशांशी भांडायची सवय होती. पण तसं झालं नाही. पुढचे तीन दिवस दुपारी चार वाजता ती ओसरीत येऊन बसली नाही. त्याचा पेपर पहिल्या पानापुढं सरकेना.

चौथ्या दिवशी वीरभद्रचा फोन आला. तो आणि त्याचे वरिष्ठ कावामुरासान ('सान' म्हणजे तिकडचं 'राव') तीन आठवड्यांपासून पुण्यात एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आले होते. कावामुरासानांना वीरभद्रच्या आईवडिलांना भेटायचं होतं. पुढच्या रविवारी गाडी करून येतो, असं तो म्हणाला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, "आई, त्यांच्या घरचे चहाचे मळे हायत. चार पिढ्या. धाकटा भाऊ बघतो, आई अजून तोडणीला जाती. तुझ्याकडं सेंचा हाय म्हणल्यावर लई खूश झाले."

फोन ठेवून शिवकांतानं डबा उघडला आणि उरलेली पानं ताटलीत काढली. दोन चमचे भरली. तीन कपांच्या एका वेळच्या चहापुरती.

"वीरभद्राला सांगतो पुण्यात कुठं मिळतंय का बघायला," राजशेखर म्हणाला.

"नको. त्याला कळायला नको काय झालं ते," ती म्हणाली. "बापाबद्दल त्या मानसासमोर त्याला वंगाळ वाटंल."

राजशेखरनं हातातला पेपर घडी करून ठेवला. त्यानं विचारलं, "मी काय करू?"

शिवकांतानं पानं परत डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "पान एकदाचंच हाय. त्येच्यावर हात बसवायला आता जमनार न्हाय. पर पाणी बदलता येतंय. तुम्ही पाणी आणा."

दुसऱ्या दिवसापासून राजशेखरची मोटारसायकल सुरू झाली. दोन बाजूंना दोन कॅन बांधून तो सकाळीच बाहेर पडायचा. घरच्या बोरचं, गावच्या टाकीचं, शाळेमागच्या आडाचं, फिल्टरवाल्याच्या जारचं, नळदुर्गच्या रस्त्याकडेच्या जुन्या विहिरीचं, साळुंक्यांच्या मळ्यातलं, बोरी नदीच्या काठच्या झिऱ्याचं. सात ठिकाणचं पाणी त्यानं सात बाटल्यांत भरलं आणि गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहायचा त्या अक्षरात चिठ्ठ्या लिहून बाटल्यांना चिकटवल्या.

शिवकांता एकेक पाणी उकळायची, तीन भांड्यांतून फिरवून निववायची आणि रिकाम्या किटलीत ओतायची. पानं नाहीत, नुसतं पाणी. डोळे मिटून एकवीस वेळा मंत्र म्हणायची, मग कपांत उतरवायची, थोडं ह्यात, थोडं त्यात, शेवटच्या थेंबापर्यंत. आणि ते कोमट पाणी चहासारखं प्यायची. दिवसातून पाच-सहा वेळा. राजशेखर समोर बसून बघायचा. पहिल्या दिवशी त्याला हसू आलं होतं. तिसऱ्या दिवशी तो तिच्या हाताकडं बघत राहिला. किटलीचं वजन तिच्या मनगटाला कळायला लागलं होतं. तिन्ही कपांतलं पाणी आता मापून भरल्यासारखं एका रेषेत यायचं, आणि किटलीच्या तोंडातून एक थेंब बाहेर सांडत नव्हता.

"हे पाणी जिभेवर बसतंय," ती टाकीच्या पाण्याबद्दल म्हणाली. जारच्या पाण्याला म्हणाली, "ह्यात कायच न्हाय. मेलेलं हाय." जुन्या विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव होती. साळुंक्यांचं चांगलं होतं, पण गिळल्यावर घशात खरखर राहायची.

राजशेखरचा अजून पुरता विश्वास नव्हता. ती देवघरात गेली असताना त्यानं चार कपांत चार पाणी ओतली, क्रम बदलला आणि तिला बोलावलं. शिवकांतानं चारही चाखली. "हे शाळंचं, हे जारचं, हे साळुंक्याचं," ती म्हणाली. चौथा कप तिनं परत तोंडाला लावला. "ह्यात दोन पाणी मिसळलीत तुम्ही. टाकीचं आन् नदीचं."

खरंच त्यानं मिसळली होती. बत्तीस वर्षं चहाच्या चवीवर गप्पा ठोकणारा राजशेखर त्या कपाकडं बघत बसला. आपल्याला चहातलं काही कळतं, ह्याबद्दल त्याला पहिल्यांदाच शंका आली. त्याला वाईट मात्र वाटलं नाही. गावात कुणाला तरी हे सांगावं, असं वाटत राहिलं.

पण तिच्या मनासारखं पाणी सातांत नव्हतं. गुरुवारी तो गावाच्या उत्तरेला माळावर धुळाप्पाच्या वाड्यावर गेला. धुळाप्पा मेंढपाळ, एसटीच्या दिवसांपासून ओळखीचा. त्याची बायको नागूबाई चुलीपुढं बसली होती. कॅन बघून तिनं विचारलं, "पाणी कशाला हिंडून गोळा करायलाव, अप्पा? टँकर आला न्हाय का?"

राजशेखरनं सगळं सांगितलं. आपण मुठीनं पानं उकळली, तेही सांगितलं. नागूबाई हसली नाही. ती जरा विचार करून म्हणाली, "चहाचं मला मालूम न्हाय. पर डाळीचं सांगते. गावातल्या घरी बोरच्या पाण्यात तूर शिजवायची तर सा शिट्ट्या लागतेत, तरी कण राहतो. हितं खालच्या झऱ्याच्या पाण्यात दोन उकळ्यांत डाळ फुटून लोण्यावानी हुती. मेंढरं बी दुसऱ्या पाण्याला तोंड लावत न्हाईत."

उताराखाली मुरमाच्या कपारीतून पाणी झिरपत होतं. धुळाप्पानं तिथं दगड रचून हातभर खोल कुंडी केली होती. पाणी इतकं नितळ, की तळाचे खडे मोजता आले असते. राजशेखरनं कॅन भरला आणि घरी येऊन शिवकांताला आधी डाळीची गोष्ट सांगितली.

"हे मला सुचायला पायजे हुतं," ती म्हणाली. तिनं लगेच मूठभर तूर शिजत टाकली. दोन उकळ्यांत डाळ फुटली. मग तिनं पाणी निववून किटलीत घातलं, एकवीस मंत्र म्हटले आणि कपात उतरवलं. प्यायली.

"ह्येच," ती म्हणाली. "हे जिभेवरनं निघून जातंय. पानाला बोलू दील."

रविवारी अकराच्या सुमारास गाडी आली. गावचा देव दरवर्षीसारखा काही महिन्यांसाठी नळदुर्गच्या देवळात गेलेला असल्यानं गावात भाविकांची वर्दळ नव्हती. कावामुरासान साठीचे, बारीक चणीचे, केस पांढरे झालेले गृहस्थ होते. दारात त्यांनी बूट काढून नीट जोडून ठेवले आणि दोघांना कमरेतून वाकून नमस्कार केला. राजशेखरनंही हात जोडून तेवढंच वाकायचा प्रयत्न केला. पोहे झाले, विचारपूस झाली. वीरभद्र मधे बसून इकडचं तिकडं सांगत होता. मग तो आईच्या मागं स्वयंपाकघरात आला.

"आई, तू आपला साधा चहाच कर," तो हळूच म्हणाला. "ह्या लोकांचं चहाचं लई बारीक असतंय. ते नावं ठेवणार न्हाईत, पर…"

"जाऊन बस," शिवकांता म्हणाली.

तिनं ओसरीत चटई टाकली, समोर पाट ठेवला आणि त्यावर किटली न् कप मांडले. गॅसवरून उकळलेलं पाणी आणलं. पहिल्या भांड्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. वाफ आधी सरळ उठत होती, मग डुलायला लागली, मग काठावर लोळली. तिनं डबा उघडून होती नव्हती तेवढी पानं किटलीत घातली, पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि डोळे मिटले. राजशेखरही मनात मंत्र मोजत होता. त्याचे अठराच झाले होते तेव्हा तिनं डोळे उघडले. घाबरून त्याची लय चुकली होती.

तिनं कपांत चहा उतरवला. इकडं थोडा, तिकडं थोडा. शेवटचे थेंब पडेपर्यंत मनगट हललं नाही. तीन कपांत तोच कोवळ्या मुगाचा रंग, दिवाळीत पहिल्यांदा दिसला होता तो.

एक कप तिनं पाहुण्यांपुढं ठेवला, एक मुलापुढं, एक नवऱ्यापुढं, आणि सवयीनं उठून आत जायला निघाली.

"शिवकांता," राजशेखर म्हणाला. त्यानं आपल्या पुढ्यातला कप उचलला, तिच्या जागेपुढं ठेवला आणि चटईवर सरकून जागा केली. "हितं बस. हा तुझा हाय."

ती क्षणभर दारात थांबली. मग पदर सावरून परत येऊन बसली. लग्न होऊन आल्यापासून पाहुण्यांच्या पंगतीला बसून ती कधी काही प्यायली नव्हती.

कावामुरासान खुर्चीवर बसले होते. त्यांनी कप दोन्ही हातांत घेऊन नाकाशी नेला, आणि तो तसाच हातात धरून ते खुर्चीवरून उतरले, चटईवर गुडघे दुमडून शिवकांतासमोर बसले. मग एक घोट घेतला. वीरभद्रचं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडं होतं. त्यांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, कप रिकामा करून खाली ठेवला आणि काहीतरी विचारलं.

"ते विचारतात, पाणी कुठलं हाय?" वीरभद्र म्हणाला.

शिवकांतानं झऱ्याचं सांगितलं, डाळीचं सांगितलं, मेंढरांचंही सांगितलं. वीरभद्रला डाळीचं जपानीत सांगताना बरीच कसरत करावी लागली. कावामुरासान मधेच मान हलवत होते. त्यांनी विचारलं, ह्या पाण्यावर किती वेळा चहा करून पाहिला?

"एकदा बी न्हाय," ती म्हणाली. "पान येवढंच उरलं हुतं. नुस्त्या पाण्यावर हात बसवला."

वीरभद्रनं आईकडं बघितलं. "येवढंच कसं उरलं? दोन महिन्यांत?"

शिवकांता काही बोलायच्या आत राजशेखर म्हणाला, "मी दूध घालून उकळला. दोन मुठी. सांग त्यांना."

वीरभद्र सांगू की नको अशा पेचात पडला. मग त्यानं सांगितलं. कावामुरासानांनी राजशेखरकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ते म्हणाले, लहानपणी मीही आईचा सगळ्यात चांगला चहा माझ्या बकरीला चारला होता. आई आठवडाभर बोलली नव्हती.

राजशेखर मोठ्यानं हसला. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं.

दुसऱ्या वेळचं पाणी घालायची वेळ आली, तेव्हा कावामुरासानांनी हात जोडून परवानगी मागितली. त्यांनी किटलीचं झाकण काढून तिच्यावरच तिरकं ठेवलं आणि वीरभद्रमार्फत सांगितलं, एक चहा उतरवला की झाकण पक्कं ठेवू नका, आतल्या वाफेत पानं शिजतात. तेवढीच एक गोष्ट. बाकी माझ्या आईच्या हातात आणि तुमच्या हातात मला फरक दिसला नाही. दुसरं पाणी जरा जास्त कडक घ्यायचं आणि लगेच उतरवायचं, हे त्यांनी करून दाखवलं. शिवकांता एकटक बघत होती. तिसरा चहा तिनं केला, झाकण तिरकं ठेवून. कावामुरासानांनी नुसती मान लववली.

त्यानंतर तासभर त्या दोघांचं बोलणं चाललं होतं आणि वीरभद्रची गरज मधूनमधूनच लागत होती. ती वाफेकडं बोट दाखवायची, ते बोटांनी पानाचा आकार करून दाखवायचे. राजशेखर भिंतीला टेकून बघत होता. बायकोला एवढं बोलताना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. ती हळू आणि ठाम बोलत होती, आणि समोरचा माणूस शब्द कळत नसताना कान देऊन ऐकत होता. आपण चौतीस वर्षं ह्या बाईच्या हातचा चहा पीत होतो, पण ह्या बाईला आज बघतोय, असं राजशेखरला वाटलं.

उरलेली ओली पानं शिवकांतानं टाकली नाहीत. त्यात शेंगदाण्याचं कूट, मीठ आणि लिंबू घालून कालवली आणि जेवताना ज्वारीच्या भाकरीसोबत वाढली. कावामुरासान ताटाकडं बघतच राहिले. आमच्याकडंही ही पानं खातात, ते म्हणाले, पण हे शेंगदाण्याचं आम्हाला सुचलं नाही. त्यांनी दोनदा मागून घेतली. जाण्याआधी ते झऱ्यावर गेले. धुळाप्पानं त्यांना कुंडीतलं पाणी ओंजळीनं पाजलं, नागूबाईनं कपाळाला भंडारा लावला.

मे महिन्यात जपानहून खोकं आलं. वर्षातल्या पहिल्या तोडणीचा चहा होता, कावामुरासानांच्या आईनं स्वतःच्या हातानं बांधलेला. डबा उघडला तर ओसरीभर कापलेल्या ओल्या घासाचा वास सुटला. सोबत म्हातारीनं लिहिलेली चिठ्ठी होती. वीरभद्रनं तिचा फोटो मागवून ती फोनवर मराठीत वाचून दाखवली. तिनं सून, नातवंडं, हवा ह्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी विचारलं होतं, उन्हाळ्यात तुमचा झरा कसा आहे?

झरा आटला होता. धुळाप्पा मेंढरं घेऊन खाली नदीकडं उतरला होता.

शिवकांतानं डबा बंद केला. "पाणी मिळाल्याबिगर उघडायचा न्हाय," ती म्हणाली. राजशेखरनं कॅन बांधायला घेतले, तशी ती आतून चप्पल घालूनच आली. "तुम्ही बाटल्या भरून आणनार, मी घरात चाखनार, असं किती दिवस? मीच येते."

मोटारसायकल लोहाऱ्याच्या रस्त्याला लागली. मागं बसलेल्या शिवकांताच्या मांडीवर कपड्यात गुंडाळलेला एक कप होता. पहिल्या मळ्यावर तिनं विहिरीचं पाणी चाखलं आणि मान हलवली. दुसऱ्यावर नुसता वास घेतला. तिसऱ्या ठिकाणी आंब्याखाली जुनी दगडी बारव होती. मालक म्हातारा होता, त्यानं कशाला पाहिजे म्हणून विचारलं.

"आमची मंडळी पाणी वळखतेत," राजशेखर म्हणाला. "सातात एक मिसळलं तरी सांगतेत. तुमचं पाणी कसं हाय ते बघून घ्या म्हटलं."

म्हाताऱ्यानं कळशी भरून वर ओढली. शिवकांतानं कप भरून घेतला, एक घोट तोंडात धरला, गिळला, आणि आंब्याच्या सावलीत जरा वेळ उभी राहिली.

"मावशी, कसं हाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"चांगलं हाय, दादा," ती म्हणाली. "डाळ लवकर शिजत आसंल."

"व्हय की. तुमाला कुनी सांगितलं?"

राजशेखर तोवर कॅनची दोरी सोडायला लागला होता.